कैलास कोरलंय हो, बांधलेलं नाही!

राज्यसेवेच्या तयारीचं हे तिसरं वर्ष. चौथ्यांदा नोट्स विकत घेतल्या आणि पुन्हा तेच वाक्य: 'राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याने वेरूळचे कैलास मंदिर बांधले.' अहो, बांधलं कुठे? अख्खा कडा वरून खाली कोरत आणलाय! कळस आधी, पाया शेवटी. आठव्या शतकातली ती सगळी हिंमत तुम्ही एका चुकीच्या क्रियापदाने पुसून टाकता.

मग आहेतच जोड्या लावा. वेरूळची लेणी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. अजिंठ्याची चैत्यगृहं, म्हणजे स्तूप असलेली बौद्ध प्रार्थनागृहं: ९, १०, १९, २६, २९. झोपेतून उठवून विचारा, सांगते. पण चैत्यगृहाचा साधा आराखडा एकाही पानावर नाही. नागर, द्राविड, वेसर या मंदिरशैलींच्या व्याख्या वाचून डोकं भणभणतं. दोन शिखरांची चित्रं शेजारी-शेजारी छापली असती तर पाच मिनिटांत उमगलं असतं.

गेल्या पावसाळ्यात भाज्याची बौद्ध लेणी बघायला गेले. तिथल्या चैत्यगृहाचे खांब चक्क आत कललेले! दगडात त्याची काय गरज? लाकडी इमारतीत छताचा रेटा तोलायला खांब तिरके उभे करत, कारागिरांनी तीच रीत दगडात उतरवली. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला तर मूळच्या लाकडी फासळ्या अजून आहेत. मी मान वर करून कितीतरी वेळ बघत होते. आणि नोट्समध्ये भाजे म्हणजे काय, तर 'जि. पुणे'. एवढंच! संताप होतो नुसता.