स्की बदलायच्या की नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: स्नोमोबाइल (पुढे दोन स्की आणि मागे फिरता पट्टा असलेली बर्फावरची गाडी) ट्रेलवर इकडेतिकडे ओढत असेल तर अलाइनमेंट करा, म्हणजे दोन्ही स्कींची दिशा जुळवा, नवे कार्बाइड (स्कीच्या तळाची कडक धातूची धार) बसवा; थेट नव्या स्की घ्या म्हणणं म्हणजे लोकांना खड्ड्यात घालणं. आणि घ्यायच्याच तर रुंद घ्या, गाडी बर्फावर छान तरंगेल.

अलाइनमेंट आधी, यात वादच नाही. फक्त ती नीट मोजा. हँडल सरळ ठेवा, दोन्ही स्कींची टोकं बंजी कॉर्डने एकमेकींकडे ताणून धरा, म्हणजे सांध्यांतला ढिलेपणा निघून जातो. टेप लावायचा तो कार्बाइडला, प्लॅस्टिकच्या कडेला नव्हे. ती कड बहुधा वाकडीच असते. पुढचं अंतर मागच्यापेक्षा किंचित जास्त हवं, फार तर पाव इंच.

एवढं करूनही गाडी ओढतेच, त्याचं काय? उत्तर हवं तर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या कुठल्याही गजबजलेल्या ट्रेलवर रविवारी दुपारी वाकून बघा. आधी गेलेल्या गाड्यांच्या कार्बाइडांनी कडक बर्फात लांबच्या लांब खाचा पाडलेल्या असतात. स्कीखाली एकच रनर (कार्बाइड बसवलेली धातूची पट्टी) असेल तर बैलगाडीचं चाक चाकोरीत जावं तसा तो खाचेत उतरतो आणि खाच नेईल तिकडे जातो. तिथे नुसता धारदार कार्बाइड लावून भागत नाही. शेजारी-शेजारी दोन रनर असले की एक खाचेत गेला तरी दुसरा बाहेरचा बर्फ धरून ठेवतो. हँडल थोडं जड होतं, ते सोसायचं. वुडीज कंपनीच्या ‘डूली’सारखा दुहेरी कार्बाइडचा रनर तुमच्या मूळ स्कीला बसत असेल तर आधी तोच लावून बघा. स्कीचे पैसे वाचले तर मला आनंदच आहे!

रुंदीचं मात्र पटलं नाही. सात-आठ इंची स्की डोंगरातल्या खोल, भुसभुशीत बर्फासाठी. ग्रूम केलेल्या, म्हणजे यंत्राने दाबून सपाट केलेल्या ट्रेलवर तरंगायचं कशाला? तिथे वळणात पकड लागते आणि ती देते कील, म्हणजे स्कीच्या तळाचा उभा कणा. मोकळ्या बर्फात खोल कील झकास चावते. बर्फ गोठून टणक झाला की ती रुतत नाही, मग सगळी मदार कार्बाइडवर. पकड अती झाली तर वळणात आतली स्की उचलते, हेही ध्यानात ठेवा.

तुमच्या गाडीच्या पट्ट्याला स्टड (बर्फात रुतणारे धातूचे खिळे) आहेत का, ते लिहिलेलं नाही. असतील तर मागची पकड पुढच्या भागाला वळणाबाहेर ढकलते आणि कार्बाइड जास्त लांबीचा लागतो. मॉडेल आणि वर्षही कळवा; स्की गाडीला जोडायचं माउंटिंग किट त्यावरच ठरतं.