कापा की कापड

दहा मिनिटांची फिल्म म्हणजे दहा पानांची स्क्रिप्ट, हे सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं. पानाला मिनिट. माझी सव्वीस पानं झाली, कारण मी सोलापूरचा. बाहेरच्यांना आमच्याबद्दल चादर आणि शेंगाचटणीपलीकडं काही ठाऊक नसतं, या दुःखावरच मी लहानाचा मोठा झालोय.

गोष्ट तशी बोटभर. गिरणी बंद पडून वर्षं लोटली तरी एक म्हातारा पहाटे भोंग्याच्या वेळेला उठतो आणि डबा भरायला सांगतो. नमुना घरातच होता, आमचे आबा. पण एवढ्याशा गोष्टीत अख्खं सोलापूर कसं बसवायचं? म्हणून माझा म्हातारा डबा घेऊन निघायचा तो १९३० च्या मार्शल लॉमधून, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना नमस्कार करून, सिद्धेश्वराच्या तळ्याला वळसा घालून, गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसून गिरणीच्या फाटकाशी पोचायचा. वाटेत आमच्या सोलापूरचे डॉ. कोटणीस भेटायचे. ते १९४२ सालीच चीनमध्ये वारले, हे मला माहीत होतं. पण स्वप्नदृश्याला कोण अडवतंय? या सगळ्यावर माझ्याच आवाजात निवेदन.

"ही फिल्म आहे का गॅझेटियर?" सरांनी विचारलं. निवेदनावर एक आडवी रेघ गेली, कोटणीसांवर फुली आली आणि पाळण्यापुढं प्रश्नचिन्ह. मी सोसलं. पण हातमागाच्या दृश्याला, म्हणजे ज्यावर माझा जीव होता त्या पानाला, सरांनी समासात एकच शब्द लिहिला होता. तो मी तीनदा वाचला. 'कापड'.

आता सोलापूरच्या पोराला समासात 'कापड' लिहून दिलं तर तो काय करणार? चार संध्याकाळी आबांसमोर वही घेऊन बसलो. उभा ताणा कुठला, आडवा बाणा कुठला, धोट्यातली बाण्याच्या धाग्याची कांडी संपली की काय करायचं, सगळं लिहून घेतलं. आबा हवेतच हात चालवत होते. धागा तुटला की दोन टोकं जवळ आणून अंगठ्यानं गाठ मारायची. गाठ मारली कधी ते मला एकदाही दिसलं नाही. घरात धागा नव्हताच, तरी गाठ बसल्यावर ते टोक दातानं तोडायचे. मी मूळ अर्ध्या पानाचं साडेतीन पान केलं. धोटा इकडून तिकडं. धोटा तिकडून इकडं. सरांच्या सूचनेचा इतका मान वर्गात कुणी ठेवला नसेल.

"मी 'कापा' लिहिलं होतं," सर म्हणाले. "'ड' कुठून आणलास?"

पान उजेडात धरून पाहिलं. 'पा'चा काना होता आणि त्याच्या पायाशी चहाचा ओघळ. दोघांनी मिळून 'ड' केला होता. चहा माझाच असावा.

मग कापायला बसलो. कापता कापता सोळा पानांवर गाडी अडली, तेव्हा अक्कल लढवली. पानाला मिनिट हे गणित इंग्रजीतल्या कुरिअर टाइपावर, १२ पॉइंटावर बेतलेलं. देवनागरीला ते कोण लावतंय? अक्षर ९ वर आणलं आणि स्क्रिप्ट साडेदहा पानांत बसली. सरांनी ती हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला, मग नाकावर आणला, मग परत कपाळावर.

"हे वाचायला भिंग कोण देणार?"

शिक्षा म्हणून त्यांनी रंगीत कागदांची रीत लावली. हॉलिवूडमध्ये म्हणे दुरुस्त पानं निराळ्या रंगावर काढतात: पांढऱ्यानंतर निळी, मग गुलाबी, मग पिवळी, मग हिरवी. म्हणजे कुणाच्या हातात जुनं पान आहे ते लांबून कळतं. नवी पेठेतला झेरॉक्सवाला म्हणाला, "निळा संपला की ओ. गुलाबी न्या, लग्नाच्या यादीला लोक तोच नेतेत." लग्नाच्या यादीसारखीच दिसणारी माझी स्क्रिप्ट ओट्यावर पडली होती, ती आईनं वाचली. तिचं म्हणणं एकच, डब्यात नुसती भाकरी का? मित्र म्हणाला, "सगळं हाय बे, पण पोरगी कुठं हाय?" मी दोघांनाही सर मानायला नकार दिला. (डब्यात चटणी मात्र घातली. तिला पान लागत नाही.)

पिवळ्या खेपेला अकरा पानं राहिली. जत्रा गेली, तळं गेलं. म्हातारा आता घरातून बाहेरच पडत नाही. डबा मांडीवर घेऊन बसतो आणि हवेत एक गाठ मारतो. काल पानं परत मिळाली. शेवटच्या पानावर पुन्हा एकच शब्द. चहा यावेळी मी लांब ठेवला होता. मित्राच्या मते 'छान'. मला 'छाट' दिसत होतं.

आबांकडं नेलं. त्यांनी चष्मा शोधलाच नाही. कागद अंगठा आणि दोन बोटांत धरून, पोत बघावा तसा चोळला, उलटा केला आणि मागच्या बाजूनं बोट फिरवलं.

"छाट," आबा म्हणाले. "छान म्हणणारा माणूस पेन एवढं दाबत नाही. मागं उमटलंय बघ."

मी हिरवा कागद आणायला निघालो.