मावशी, करपलेली कडा आणि एक अर्धवट सत्य

मावशीला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, त्याच आठवड्यात भेटायला आलेल्या एक बाई तिच्या उशाशी बसून म्हणाल्या, "तुम्हाला ते करपलेलं मटण आवडायचं ना, त्यानंच झालं हे." मावशी गप्प राहिली. रात्री दिवा मालवल्यावर मला हळूच विचारलं, "खरंच का गं?"

तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

त्या बाई अगदीच निराधार बोलल्या नव्हत्या. मांस भाजताना जरा जवळून बघा. चरबीचा थेंब खाली निखाऱ्यावर पडतो, चर्र होतं, निळसर धूर वर येतो आणि वरच्या तुकड्यालाच चिकटतो. त्या धुरात पीएएच गटाची रसायनं असतात. त्यातलं बेंझोपायरीन तंबाखूच्या धुरातही असतं आणि ते माणसात कॅन्सर घडवणारं म्हणून ओळखलं जातं. दुसरा गट एचसीए. स्नायूंमधलं क्रिएटिन, अमिनो आम्लं आणि साखर यांची साधारण 150 अंश सेल्सिअसच्या वर प्रक्रिया झाली की ही तयार होतात. पाण्यात शिजवलेल्या मांसात ती फारच कमी, कारण उकळतं पाणी 100 अंशांच्या पुढे जात नाही. "मी लाल मांस खात नाही" म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की कोंबडी आणि मासा करपवला तरी ही रसायनं बनतातच.

जपानचे ताकाशी सुगिमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात भाजलेल्या माशाचा धूर आणि करपलेला भाग तपासला. त्यांच्यामुळे जिवाणूंच्या डीएनएत बदल होतात असं दिसलं. पुढे उंदरांना एचसीए खाऊ घातल्यावर गाठीही झाल्या. मात्र ते डोस माणसाच्या ताटातल्या प्रमाणाच्या हजारो पट होते, आणि हे वाक्य फॉरवर्डमधून हमखास गळतं.

माणसांवरच्या अभ्यासांचं चित्र इतकं स्वच्छ नाही. कोणी किती काळं करून खाल्लं, हे वीस वर्षांनी आठवून सांगणार कोण? शिवाय ही रसायनं शरीरात गेल्यावर एन्झाइम्स त्यांचं रूप बदलतात आणि ती एन्झाइम्स प्रत्येकात सारख्या जोमाने काम करत नाहीत. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सॉसेजसारखं प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या, म्हणजे 'माणसात कॅन्सर घडवणारं' या गटात आणि लाल मांस 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकलं. पण मांस शिजवण्याच्या पद्धतीने धोका बदलतो का, यावर निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असं त्याच तज्ज्ञांनी सांगितलं.

पहिल्या गटात सिगारेटही आहे, म्हणून "सॉसेज म्हणजे सिगारेट" असं लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पुरावा किती पक्का आहे एवढंच तो गट सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे समजा शंभरातल्या पाच जणांना तो होणार असेल, तर सहाच्या आसपास जणांना होईल. हे लहान नाही, पण "त्यानंच झालं" असं कुणा एका रुग्णाला सांगता येईल असंही नाही.

काळजी घ्यायची तर ती चुलीपाशी घ्या. आच मंद ठेवा, तुकडा सारखा उलटा, ज्वाळेला थेट लागू देऊ नका. आधी दोन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवून सुटलेलं पाणी टाकून दिलं, तर एचसीए बरीच घटतात. काळी कडा सुरीने सरळ कापून टाका. आमच्या घरी आता हे सगळं होतं.

त्या रात्री मावशीला मी एवढंच म्हटलं, "तुला कशामुळे झालं हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही, मावशी." ती बराच वेळ छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग त्या इतक्या खात्रीने कशा बोलल्या गं?"