प्रत्येक ‘सम्बात’ बाग्रातुनी नव्हता

आर्मेनियाच्या मध्ययुगीन इतिवृत्तांविषयी एक मजकूर बराच फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सहाव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत ‘सम्बात’ हे नाव सतत भेटतं, आणि ते बाग्रातुनी राजघराण्याचं खास नाव. आजोबांचं नाव नातवाला, या नियमाने ते उतरत गेलं, म्हणून नुसत्या नावावरून वंशावळ लावता येते. शिवाय मूळ शब्द ‘शब्बाथ’, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा शनिवार, म्हणून घराणं ज्यू. हे वाचून लोक वंशावळी मांडतात आणि त्या एकमेकांच्या उतरवून घेतात, म्हणून एकेक विधान तपासायला हवं.

‘आजोबांचं नाव नातवाला.’ यात तथ्य आहे, आणि बाकीच्या चुका त्यावरच पोसल्या गेल्या आहेत. आठव्या शतकातल्या आंधळ्या आशोतपासून मोजा: आशोत, त्याचा मुलगा सम्बात (७७५ साली बाग्रेवांदच्या लढाईत पडला), मग आशोत म्साकेर, मग सम्बात ‘खोस्तोव्हानोघ’ (खलिफाचा सेनापती बुघा याने धरून सामर्‍याला नेला, धर्म सोडला नाही आणि तिथेच वारला), मग पहिला राजा आशोत, मग राजा सम्बात पहिला, मग आशोत येर्काथ. सात पिढ्या अगदी आलटून-पालटून.

पण साखळी इथेच तुटते. आशोत येर्काथनंतर गादी त्याच्या भावाकडे, अबासकडे गेली. अबासचा मुलगा आशोत तिसरा आणि त्याचा मुलगा सम्बात दुसरा (९७७–९८९), ज्याच्या काळात राजधानी आनीची बाहेरची तटबंदी उठली. या सम्बातचे आजोबा अबास. सम्बात हे नाव त्याच्या पणजोबांचं. त्याच्या मागे भाऊ गागिक राजा झाला आणि गागिकच्या मुलाचं नाव पुन्हा सम्बात, म्हणजे इथे नाव काकाचं. नियम धरून चाललात तर या दोन सम्बातांमध्ये एक आशोत घुसवावा लागतो, आणि काही वंशावळींत तो खरंच घुसवलेला असतो.

गागिकचा हा मुलगा आणखी एक अडचण घेऊन येतो. त्याला दोन नावं आहेत, होव्हान्नेस आणि सम्बात. एका ठिकाणी एक, दुसर्‍या ठिकाणी दुसरं. १०२२ साली आपल्यामागे आनी बायझंटाइन सम्राटाला देण्याचं लिहून देणारा आणि १०४१ मध्ये वारलेला माणूस हाच. फक्त ‘सम्बात’ शोधत गेलात तर तो अर्धाच सापडेल.

क्रमांकांचाही घोळ आहे. घराण्याचे सरदार मोजताना खोस्तोव्हानोघ ‘आठवा’ ठरतो आणि राजे मोजताना त्याचाच नातू ‘पहिला’. आठवा आधी आणि पहिला नंतर, हे पाहून कुणी क्रम उलटा लावतं. हे आकडे आधुनिक अभ्यासकांनी दिलेले आहेत. टिपणात आकडा न लिहिता बापाचं नाव लिहावं.

‘सम्बात म्हणजे बाग्रातुनी.’ हे साफ चूक आहे. किलिकियातला, म्हणजे भूमध्य समुद्रकाठच्या आर्मेनियन राज्यातला सम्बात स्पारापेत (१२०८–१२७६), म्हणजे सेनापती, इतिवृत्त आणि कायद्याचा ग्रंथ लिहिणारा, समरकंदहून १२४८ मध्ये सायप्रसच्या राजाला पत्र धाडणारा, हा तिथला राजा हेथुम पहिला याचा भाऊ, हेथुम्यान घराण्यातला. १२९६ मध्ये भावाची गादी बळकावणारा किलिकियाचा राजा सम्बातही त्याच घराण्यातला. स्युनिक प्रांताचा सम्बात ओर्बेलियान तिसर्‍याच घराण्यातला. त्याच्यासाठी भाऊ तार्साइचने १२७५ मध्ये नोराव्हांकच्या मठात समाधिमंदिर बांधलं. आणि झारेहावानचा सम्बात तर राजाही नव्हता, सरदारही नव्हता. चर्चने पाखंडी ठरवलेल्या तोंद्राकी पंथाचा तो प्रवर्तक.

भोसल्यांच्या घरातला प्रत्येक संभाजी एकच धरून इतिहास लिहिला तर शिवाजी महाराजांचे थोरले बंधू, त्यांचे पुत्र आणि कोल्हापूरचे संभाजीराजे एकाच माणसात कोंबावे लागतील. इथे तर घराणीही वेगळी आहेत.

लेखनाने गोंधळ आणखी वाढतो. आर्मेनियन लिपीत हे नाव पाच अक्षरांचं: स, म, ब, आ, त. स आणि म यांच्यामधला ‘अ’ बोलतात, पण लिहीत नाहीत. नागरीत तो ‘स’मध्येच असतो, म्हणून ‘सम्बात’ हे आपलं लेखन मूळ उच्चाराच्या अगदी जवळ जातं. पश्चिम आर्मेनियन उच्चारात ब चा प आणि त चा द होतो, त्यामुळे ‘सम्पाद’ किंवा ‘सेम्पाद’, ग्रीकमध्ये ‘सिम्बातिओस’, अरबीत ‘सुनबात’. शोधताना ही सगळी रूपं घ्यावीत. मात्र ७५५ साली खोरासानात बंड करणारा ‘सुनबाध’ यात ओढू नये; तो झरथुष्ट्री होता आणि त्याचा आर्मेनियाशी संबंध नाही.

‘नाव शब्बाथवरून, म्हणून घराणं ज्यू.’ हे सांगणारा मुख्य लेखक म्हणजे जुना आर्मेनियन इतिहासकार मोव्सेस खोरेनात्सी. बॅबिलोनचा राजा नबुखद्नेझर याच्या ज्यू कैद्यांतून आणलेला शाम्बात हा बाग्रातुनींचा मूळपुरुष, असं तो लिहितो. पण त्याने ग्रंथ लिहिला तो साहाक बाग्रातुनीच्या सांगण्यावरून. त्याच जागी तो बजावतो की हे घराणं हायकच्या, म्हणजे आर्मेनियनांच्या दंतकथेतल्या मूळपुरुषाच्या वंशातलं आहे असं काही जण म्हणतात, त्यावर विश्वास ठेवू नका. म्हणजे त्याच्या काळीही दुसरी कथा चालत होती. पुढे तो आशोत हे नाव ‘असुद’वरून आणि बागारात हे ‘बगदिया’वरून आणतो. बागारात तर उघड इराणी आहे, अर्थ ‘देवदत्त’. एकाच यादीतलं एक नाव असं ओढूनताणून बसवलेलं दिसत असताना दुसरं जसंच्या तसं पुरावा म्हणून घेता येत नाही. आणि शनिवारावरून नाव पडलं असं मानलं तरी वंश ठरत नाही. इजिप्तच्या पपायरसांत ‘साम्बाथिऑन’सारखी नावं ज्यू नसलेल्या लोकांचीही आहेत.

‘साल जुळलं की माणूस जुळला.’ हे विधान मजकुरात स्पष्ट लिहिलेलं नाही, पण सगळी मांडणी त्यावर उभी आहे. आर्मेनियन शक ११ जुलै ५५२ ला सुरू होतो. वर्ष ३६५ दिवसांचं आणि लीप दिवस नाही, म्हणून नववर्ष दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकतं. शकात ५५१ मिळवले की इसवी सन येतो, पण ते वर्ष पुढच्या इसवी सनातही शिरतं. उदाहरणार्थ शक ४४९ हे २१ मार्च १००० ते २० मार्च १००१. फेब्रुवारीतली घटना असेल तर ५५२ मिळवावे लागतात. आकडे अक्षरांनी लिहिलेले असतात आणि हस्तलिखितात ३ चं ‘ग’ आणि ४ चं ‘द’ दिसायला फार जवळचे. एका वर्षाचा फरक दिसला की आधी या दोन गोष्टी पाहाव्यात. लगेच दुसरा सम्बात कल्पू नये.

म्हणून प्रत्येक उल्लेखाची वेगळी चिठ्ठी करावी: नाव जसं लिहिलंय तसं, बाप, पद (इश्खान म्हणजे सरदार, स्पारापेत, मार्झपान म्हणजे सुभेदार), गाव, शक आणि त्या वेळचा काथोलिकोस, म्हणजे आर्मेनियन चर्चचा प्रमुख. बाप किंवा पद जुळल्याशिवाय दोन चिठ्ठ्या एकत्र करू नयेत. काथोलिकोसचं नाव बहुधा काळ पक्का करतं, पण तेही कधी फसवतं. अकराव्या शतकात आर्मेनियन सरदार आणि विद्वान ग्रिगोर मागिस्त्रोस लिहितो की झारेहावानचा सम्बात प्रकट झाला तो होव्हान्नेस काथोलिकोस आणि सम्बात बाग्रातुनी यांच्या दिवसांत. एका वाक्यात दोन सम्बात. त्यातही होव्हान्नेस ओव्हायेत्सी (८३३–८५५) आणि सम्बात खोस्तोव्हानोघ ही एक जोडी जुळते, तशीच होव्हान्नेस द्रास्खानाकेर्तत्सी आणि राजा सम्बात पहिला ही दुसरीही जुळते. मध्ये निम्म्या शतकाचं अंतर. बहुतेक अभ्यासक पहिली जोडी धरतात. चिठ्ठीवर मात्र दोन्ही जोड्या लिहून ठेवाव्यात, आणि झारेहावानच्या सम्बातसमोरची घराण्याची जागा रिकामी सोडावी.