खालच्या गटातली मॅच

आज दुपारी ऑफिसच्या कँटीनमध्ये जे झालं ते अजून डोक्यातून गेलेलं नाही म्हणून लिहायला बसलोय, लांबेल, ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढं जावा.

रविवारी कोल्हापूरला चाललोय असं मी म्हणालो. घरी काही कार्यक्रम आहे का, असं कुणीतरी विचारलं. म्हटलं नाही, आमच्या तालमीची मॅच आहे, शाहू स्टेडियमला. मग कुठली स्पर्धा, कुठला गट अशी चौकशी झाली आणि खालच्या गटातली लीग मॅच आहे म्हटल्यावर समोरचा पोरगा, तसा चांगला पोरगा आहे, एरवी माझं त्याच्याशी जमतं, तो हसायलाच लागला. "खालच्या गटातली मॅच बघायला एवढ्या लांब? पुण्याहून? दादा, लेव्हल काय असते तिथली?" टेबलावरचे बाकीचेही हसले. मी डबा बंद केला आणि उठलो.

लेव्हल.

हाच पोरगा डिसेंबरात वानखेडेवर मेस्सीला बघायला हजारो रुपयांचं तिकीट काढून गेला होता. मेस्सी काही तिथं नव्वद मिनिटं खेळायला आला नव्हता, हात हलवला, चार बॉल स्टँडमध्ये मारले, सचिनला भेटला आणि गेला. तरी हा आठवडाभर स्टेटस टाकत होता. गेला याबद्दल माझं काही म्हणणं नाही, मेस्सी मेस्सी आहे, जमलं असतं तर मीपण गेलो असतो. पण गेल्या महिन्यात आमच्या बारक्या पोरांच्या बुटांसाठी मी ग्रुपवर पाचशे पाचशे रुपये मागितले तेव्हा याच पोरानं अंगठा दाखवणारा इमोजी टाकला आणि पुढं काही नाही. मला तेव्हा राग आला नव्हता. आज आला.

कोल्हापूरच्या मित्रांना हे समजावून सांगायची गरज नाही, पण या पोस्टवर पुण्यामुंबईचेही बरेच आहेत म्हणून थोडं सांगतो. आमच्याकडं फुटबॉल तालमीतून आलाय. शाहू महाराजांमुळं पेठापेठांत तालमी झाल्या, तांबडी माती, लंगोट, जोर-बैठका, आणि पुढं त्याच तालमींच्या पोरांनी फुटबॉल धरला. म्हणून आमच्या टीमची नावं पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम अशी आहेत. सोबत शिवाजी तरुण मंडळ आहे, प्रॅक्टिस क्लब आहे, फुलेवाडी आहे. केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, १९४० पासून आहे. वरच्या गटात १६ टीम, आणि पाटाकडील-शिवाजी मॅच असली की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसायला जागा मिळत नाही, भर उन्हात डोक्यावर रुमाल टाकून माणसं बसतात. हे पेपरात येतं, रील्समध्ये येतं. त्याच्या खाली गट आहेत आणि त्या गटांत आमच्यासारख्या तालमी आहेत, ज्यांच्या मॅचला कधी कधी दीडशे माणूससुद्धा नसतो. तालमीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की कमेंटमध्ये पेठा जुंपतात आणि मुद्दा बाजूला राहतो. गल्लीतल्यांना कळलंच आहे.

लेव्हल विचारतो. सांगतो लेव्हल.

१९९७ चा एप्रिल. मी बारा वर्षांचा. माझं काम पाण्याचा कॅन. मामांनी लावलेलं काम होतं, पाच लिटरचा पांढरा कॅन, त्यात लिंबू पिळलेलं पाणी, मीठ साखर घालून, आणि बर्फ रविवार पेठेतनं आणायचा. तो कॅन घेऊन मी लाइनच्या बाहेर उभा, आणि कुणी पाणी मागितलं की पळायचं. त्या दिवशी आमची शेवटची मॅच होती आणि जिंकली तरच आम्ही त्या गटात राहणार होतो, बरोबरी झाली तरी खाली.

आणि आमचा गोलकीपर आलाच नव्हता.

गोलकीपर उद्यमनगरात एका फौंड्रीत मोल्डिंगला होता. गल्लीतले सगळे त्याला दादाच म्हणायचे. त्यानं आठ दिवस आधी अर्ध्या दिवसाची रजा मागून ठेवली होती आणि ऐन वेळी साहेबानं नाही म्हटलं, ऑर्डर आहे, काम संपव मग जा. त्याच्या जागी सोळा वर्षांचा पोरगा उभा केला. त्या पोरानं त्याआधी मोठ्यांच्यात एकही मॅच खेळलेली नव्हती. दादाची पिवळी जर्सी त्याच्या गुडघ्यापर्यंत येत होती. पहिल्या दहा मिनिटांत एक गोल झाला, मग अजून एक, दुसरा तर त्याच्या हातातनं सुटून गेला. समोरच्या बाजूनं काय काय ओरडले ते मी इथं लिहीत नाही. पोरगा रडत नव्हता पण त्याचा खालचा ओठ हलत होता, मी गोलच्या मागंच होतो म्हणून मला दिसलं. कॅन पुढं केला तर त्यानं मान हलवली.

हाफटाइमला ०-२. आणि तेव्हा सायकल आली. स्टेडियमच्या गेटातनं आत, सायकल तशीच मैदानाच्या कडेला आडवी टाकली आणि दादा पळत आला. साहेबाला न सांगता निघाला होता, त्या दिवसाचा खाडा बसला त्याला, आणि पुढं काय काय ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच. कपडे बदलायला वेळ नव्हता, फौंड्रीतली पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. तोंड काळं, मान काळी, आणि हात, मोल्डिंगची काळी वाळू असते ती हाताच्या रेषांत जाऊन बसते, साबणानं निघत नाही, ते हात तसेच. पोरगा जर्सी काढायला लागला तर दादा म्हणाला, "र्‍हाऊ दे तुझ्या अंगावर, मला दुसरी बघा." आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. काळा पंजा उमटला त्या पिवळ्या जर्सीवर. पाची बोटं. आज एकोणतीस वर्षं झाली, मला ती बोटं दिसतात.

आता मला सांगा ही कुठली लेव्हल धरायची.

पुण्यात बसून लेव्हल विचारणाऱ्यांना मला एक विचारायचंय. तुमच्या पुण्याची टीम कुठाय? पुणे एफसी होती, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या वरच्या लीगमध्ये, दुसरी आली, मी स्वतः बालेवाडीला जाऊन बघितलीय, चांगली टीम होती, गेली. डीएसके शिवाजियन्स होती, गेली. आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, एफसी पुणे सिटी होती, २०१९ मध्ये तीही गेली. मुंबईत महिंद्रा युनायटेड, नॅशनल लीग जिंकलेली टीम, २०१० मध्ये बंद. मुंबई एफसी २०१७ मध्ये तळाला गेली आणि संपली, आणि त्याच वर्षी त्यांचा जुना कोच खालिद जमील मिझोरामच्या आयझॉल टीमला घेऊन आय-लीग जिंकला. एवढ्या सगळ्या टीम, सगळ्यांची लेव्हल होती, बस होती, फिजिओ होता, जर्सीवर नाव छापलेलं होतं. एक तरी राहिली का? आमची तालीम आहे. पडकी आहे, पावसाळ्यात एका कोपऱ्यात गळते, बुटांना पैसे नाहीत, पण आहे. कारण ती कुणा एकाची नाही, कुणी उठून आजपासून बंद म्हणू शकत नाही. म्हणून बघा म्हणावं कुणी.

हां, कोल्हापूरचं सगळं सोन्याचं आहे असं मी म्हणत नाही. हाणामाऱ्या होतात, दगडफेक झालीय, त्यापायी मॅचेस थांबल्यात, लाज वाटते. वरच्या गटात पैसा आलाय, आफ्रिकेतनं खेळाडू आणतात, चषकाला नेत्यांची नावं असतात. मान्य. ते खेळाडू मात्र जीव तोडून खेळतात, आणि गल्लीतली म्हातारी माणसं त्यांना घरी बोलवून तांबडा-पांढरा खायला घालतात, हेही आहे.

पण मला चीड येते ती आमच्याच माणसांची, कँटीनमधला पोरगा तरी बाहेरचा. जूनमध्ये वर्ल्ड कप आहे. तेव्हा बघा, चौकाचौकात मेस्सी, रोनाल्डो, एम्बाप्पेचे वीस-वीस फुटी कटआउट लागतील, ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतील, वर्गणी निघेल, लायटिंग होईल. मला आवडतं ते, मीही लहानपणी झेंडे शिवून घेतलेत आईकडनं. पण त्या एका कटआउटच्या पैशात आमच्या बारक्यांच्या अख्ख्या टीमचे बूट येतात. गांधी मैदानावर पावसाळ्यात तळं होतं, पोरं खेळायची कुठं, त्याच्यावर बोलायला कुणी येत नाही. २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये आपला अनिकेत जाधव भारताकडनं खेळला, कोल्हापूरचा पोरगा, रिक्षावाल्याचा पोरगा, तेव्हा सगळ्यांनी फ्लेक्स लावले. फ्लेक्स लावणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याच्याआधी किंवा नंतर एकदा तरी खालच्या गटातली मॅच बघितली? अनिकेत काय थेट वर्ल्ड कपच्या मैदानात उगवला काय? पोरं खालूनच येतात ना?

जाऊ दे. चिडून लिहायला लागलं की भरकटतं.

तर मॅच. दुसऱ्या हाफमध्ये दादा उभा राहिला. त्यानं पहिला बॉल पकडला तेव्हा बॉलवर काळे पंजे उमटले, आणि रेफरीनं खेळ थांबवून बॉल पुसायला लावला. समोरचा स्ट्रायकर एकटा आत घुसला होता, दादा त्याच्या पायावर पडला, बॉल काढून घेतला, कोपर फुटलं, रक्त येतंय, मी कॅन घेऊन पळालो तर म्हणाला, "पाणी प्यायला ठेव, जखमंला नको." एकही गोल होऊ दिला नाही. आणि आमच्यांनी दोन मारले. कसे मारले ते मला आज नीट आठवतही नाही, मी त्याच्या हाताकडंच बघत होतो. शेवटच्या मिनिटाला आमचा एक शॉट खांबाला लागला. तो आवाज आठवतो. ठण्ण. आणि शिट्टी.

२-२. खाली गेलो.

कुणी कुणाला काही बोललं नाही. रावणेश्वराच्या बाजूनं चालत सगळे निघाले, मामांनी कॅन माझ्याकडनं घेतला, रिकामाच होता पण घेतला. दादा सायकल उचलून परत फौंड्रीला गेला, उरलेलं काम संपवायला. जाताना त्या पोराला म्हणाला, "पुढल्या वर्षी तूच उभारायचं, मी बाहेर बसून बघणार." एवढंच. तिसऱ्या वर्षी आम्ही परत वर आलो, गोलात तोच पोरगा होता. मग परत खाली गेलो. असं चाललंय. आमच्या तालमीनं आजवर मोठा चषक जिंकलेला नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही. खरं सांगायचं तर वाटतं, दर वर्षी वाटतं, पण म्हणून मी दुसऱ्याची टीम धरायला जाणार नाही. युरोपचा फुटबॉल मीपण बघतो, रात्री साडेबाराच्या मॅचला जागतो, पोरगं मांडीवर झोपलेलं असतं. भारीच खेळतात ते. पण त्यांच्यातला कुणी मला "पाणी प्यायला ठेव" म्हणालेला नाही.

दादा कोरोनात गेला. मला जाता आलं नाही, तेव्हा कुणालाच कुणाकडं जाता येत नव्हतं. गल्लीतल्या पोरांनी तालमीच्या दारात त्याचा फोटो आणि पिवळी जर्सी ठेवली होती, व्हिडिओ कॉलवर मला दाखवली. तीच जर्सी. त्या पोराच्या आईनं दोनदा धुतली, दगडावर घासली, तरी पाठीवरचा डाग गेला नाही, फिकट झाला पण बोटं कळत होती. मग तिनं धुवायची सोडली आणि ट्रंकेत घालून ठेवली. मी स्क्रीनवर हात ठेवला होता.

कँटीनमधल्या पोरावर मी आता तेवढा चिडलेलो नाही, लिहिता लिहिता उतरला राग. त्याला काय माहिती असणार. त्याच्या गल्लीत टीम नाही, पार्किंग आहे. त्याला उद्या मी रविवारी चल म्हणून विचारणार आहे, येईल न येईल.

तो गोलातला पोरगा आता पंचेचाळीसचा आहे, आमच्या टीमचा कोच तोच, बारक्यांचं बघतो तोही तोच, दिवसा दूध संघाच्या टेम्पोवर असतो आणि सकाळी सहाला तपोवनच्या मैदानावर. संध्याकाळी त्याचा फोन आला. "येणार न्हवं? दीडची मॅच हाय. जिंकायचं बघा मर्दा, न्हाईतर परत खाली." म्हटलं येतोय की. तर म्हणाला, गोलकीपर पोरगा नवीन आहे, सतरा वर्षांचा, घाबरलाय, तू जरा गोलच्या मागं थांब.

रविवारी सकाळी सहाच्या एसटीनं निघतोय, स्वारगेटवरनं. कोण येणार असेल तर मेसेज करा. बुटांचे अजून चौदा जोड बाकी आहेत, आठ नंबरचे जास्त लागणार आहेत. आणि बर्फ कुठनं घ्यायचा तेवढं कुणीतरी सांगा, रविवार पेठेतलं ते दुकान आता बंद झालंय.