राक्षसाचं काम केल्याने मुलगा राक्षस होत नाही

‘दशावतारी नाटकात राक्षस होणारा मुलगा पुढे तसाच होतो, १९७१च्या स्टॅनफर्ड तुरुंग-प्रयोगाने हे सिद्ध झालंय,’ असा संदेश सिंधुदुर्गातल्या पालकांमध्ये फिरतो. तो चुकीचा आहे.

त्या प्रयोगात खोट्या तुरुंगात काही विद्यार्थ्यांना पहारेकरी आणि काहींना कैदी केलं होतं. पण ते पहारेकरी आपोआप क्रूर झाले नव्हते. कसं वागायचं याच्या सूचना त्यांना आधीच मिळाल्या होत्या, आणि तरीही सगळे क्रूर वागले नाहीत. दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत गुंडाळला, एवढं मात्र खरं.

भूमिका माणसाला घडवते, पण वेगळ्या वाटेने. दशावतारात लिखित संहिता नसते. संवाद उभ्या जागी सुचावे लागतात. त्यामुळे ‘हा राक्षस नेमका का चिडला?’ याचं उत्तर मुलाला स्वतःच शोधावं लागतं, आणि आरडाओरडा करतानाही पखवाजाचा ताल सांभाळावा लागतो. बुजऱ्या मुलाला तर हे काम मुद्दाम द्यावं.

बिघडतं ते रंगमंचाबाहेर. घरीदारी ‘काय रे राक्षसा’ सुरू झालं की मूल ते अंगाला लावून घेतं. म्हणून नाटक संपल्यावर खोबरेल तेलाने रंग पुसावा, कपडे बदलावे, मुलाला त्याच्या नावाने हाक मारावी. मग भूमिकेबद्दल ‘तू’ नव्हे, ‘तो असं का वागला?’ असं विचारावं. आणि पुढच्या खेपेला त्याला नारद करावं.