निकोलाइदिसची पाच सुवर्णपदकं कुठे आहेत?

वहिनींनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला हा मेसेज तुमच्याकडेही फिरत आला असेल: ‘ग्रीसचा अपोस्तोलोस निकोलाइदिस! पाच खेळांत पाच ऑलिंपिक सुवर्णपदकं! स्वतः पानाथिनाइकोस क्लब काढला. पुढे देशाचे खेळ एका खेळाडूनेच चालवले, म्हणून तिथे राजकारण शिरलं नाही. तेव्हा आपल्याला ऑलिंपिक हा शब्दही माहीत नव्हता. मुलांना दहा वर्षांच्या आत पाच खेळांचे क्लास लावा.’ हसून सोडून दिलं असतं, पण तो वाचून आठ वर्षांच्या पुतण्याला चौथा क्लास लागला. म्हणून लिहितोय.

माणूस खरा आहे आणि मोठाही आहे. 1896 मध्ये बल्गेरियातल्या प्लोवदिवला जन्म. फुटबॉल, अ‍ॅथलेटिक्स, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल असं सगळं खेळला आणि पुढे ग्रीक क्रीडासंघटनांचा अध्यक्ष झाला. इतकं खरं असताना वर खोटं चिकटवायची गरज काय होती?

आता ती पदकं. ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल आलं 1936 ला आणि व्हॉलीबॉल 1964 ला. तेव्हा हे गृहस्थ अडुसष्ट वर्षांचे! 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला ते ग्रीसच्या फुटबॉल संघात होते आणि त्या संघाला स्वीडनने 9-0 असं धुतलं. अधिकृत निकाल कुणालाही घरबसल्या बघता येतात. अँटवर्पला ग्रीसची कमाई एक पदक: पिस्तूल नेमबाजीतलं सांघिक रौप्य. सुवर्ण शून्य.

क्लब काढला? पानाथिनाइकोसची स्थापना 1908 ची, जॉर्जोस कालाफातिसने केलेली. निकोलाइदिस तेव्हा बारा वर्षांचा. पुढे त्या क्लबसाठी त्याने आयुष्य घातलं आणि अथेन्समधलं क्लबचं मैदान आज त्याच्या नावाने ओळखलं जातं, हे मात्र खरं.

‘आपल्याला शब्दही माहीत नव्हता’ हे वाक्य मराठीत लिहिणाऱ्याला काय म्हणावं? त्याच अँटवर्पला भारताचा संघ गेला होता, आणि त्याची जुळवाजुळव सुरू झाली ती पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर, दोराबजी टाटांच्या पुढाकाराने. बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला. कुस्तीत रणधीर शिंदे चौथा, पदक अगदी हातातून निसटलं. निकोलाइदिस ज्या स्पर्धेत होता, त्याच स्पर्धेत आपली माणसं होती.

क्लासबद्दल अर्धी गोष्ट मान्य करावीच लागेल. लहानपणी एकाच खेळाला जुंपू नये, हे डॉक्टरही सांगतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2016 मध्ये तेच लिहिलं. पण त्याच मार्गदर्शनात आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी द्या, असंही आहे. ते फॉरवर्ड करणाऱ्याच्या सोयीचं नाही. पुतण्याचं वेळापत्रक असं: सकाळी सहाला स्विमिंग, शाळा, संध्याकाळी बॅडमिंटन, शनिवार-रविवार फुटबॉल, आणि आता स्केटिंग. पोरगं जेवताना ताटावर पेंगतं. शिवाय निकोलाइदिसच्या पिढीने खेळ असे फी भरून गोळा केले नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर बास्केटबॉल-व्हॉलीबॉल ग्रीसमध्ये नवेच होते, खेळणारे मूठभर; जो फुटबॉलला मैदानावर यायचा तोच तेही खेळून बघायचा. खेळायला मोकळं मैदान आणि चार सवंगडी असले की पोरं आपोआप पाच खेळ खेळतात. त्याला पाच पावत्या लागत नाहीत.

राहिलं राजकारण. आपल्याकडच्या क्रीडासंघटनांत पुढारी ठाण मांडून बसलेत, हे मी काय नाकारणार, महाराष्ट्रात राहतो. पण ग्रीसने 1936 ला मेटाक्सासची हुकूमशाही पाहिली, 1967 ते 1974 लष्करशाही पाहिली. तिथलं मैदान राजकारणापासून सोवळं राहिलं म्हणणाऱ्याने एकदा इतिहास चाळावा. आणि खेळाडू खुर्चीत बसला की सगळं सुतासारखं सरळ, हेही नाही. भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष 1938 ते 1960 पतियाळाचे यादविंद्रसिंह होते, कसोटी क्रिकेट खेळलेले. त्यांच्याच काळात, 1952 ला, कुस्तीगीर खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी गावोगाव वर्गणी काढावी लागली आणि कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्यासाठी घर गहाण टाकलं.